न हसवणारा विनोद : इंगवलीच्या बोलीपासून हिंदी पडद्यापर्यंत

१. प्रश्नाची मांडणी

शोकात्म कलाकृती फसली, तर तिचे निदान काहीतरी होते. प्रेक्षक गंभीर प्रसंगी हसतात, हुंदक्यांच्या जागी खसखस पिकते, आणि लेखकाला अभिप्रेत नसलेला का होईना, एक परिणाम घडून येतो. विनोदी कलाकृती फसली, की काहीच घडत नाही. पडद्यावरील पात्र आपले वाक्य संपवून क्षणभर थांबते. तो थांबा प्रेक्षकांच्या हशासाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्यात सभागृहातील पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. अपयशाचा इतका तात्काळ आणि इतका निर्विवाद पुरावा अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात मिळत नाही.

असे असूनही आपल्या समीक्षेने फसलेल्या विनोदाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. यशस्वी विनोदाची मीमांसा आपण करतो आणि अयशस्वी विनोदाची संभावना 'पांचट', 'बाष्कळ', 'ग्राम्य' अशा एखाद्या विशेषणाने करून मोकळे होतो. परंतु विशेषण हे स्पष्टीकरण नव्हे. विनोद कोठे तुटला, त्याचा कोणता घटक निकामी झाला, हे सांगता आले तरच विनोद कशाने घडतो याविषयीचे आपले ज्ञान खरे मानता येईल.

या दृष्टीने प्रस्तुत लेखात दादा कोंडके यांच्या कारकिर्दीतील एका वळणाचा विचार करावयाचा आहे. ज्या कलावंताने १९७० च्या दशकात मराठी प्रेक्षकाला अखंड हसविले, त्याच कलावंताच्या १९८० च्या दशकातील हिंदी चित्रपटांत तीच साधने, तीच देहबोली आणि तीच द्व्यर्थी शब्दयोजना असूनही विनोद निर्जीव का वाटतो, हा तो प्रश्न होय. तिकीटबारीवरील आकडे हा येथे निकष नाही. प्रेक्षक मिळणे आणि हसू मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि येथे केवळ दुसरीचा विचार अभिप्रेत आहे.

२. भोर, वेल्हे आणि मुंबई

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत झाला. लालबाग-नायगावच्या गिरणगावात ते वाढले. त्यांचे घराणे मात्र मूळचे भोरजवळच्या इंगवली गावचे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि पुणे जिल्ह्यातील एक तालुका बनले. त्याच्या शेजारचा वेल्हे तालुका हा तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याचा प्रदेश. (या तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, जुन्या उल्लेखांच्या सोयीसाठी येथे वेल्हे हेच नाव ठेवले आहे.) रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे अशा जुन्या नावांनी ओळखला जाणारा हा सारा टापू डोंगराळ आहे. पाऊस भरपूर, पण भातखाचरे थोडी. त्यामुळे घरातील एखाददुसरा माणूस मुंबईला जाणे ही येथील जुनी रीत आहे. गावी आईबाप आणि शेती, मुंबईत गिरणी आणि चाळीतील खोली, अशा दुहेरी संसारातून एक विशिष्ट मनोवृत्ती घडली. हा माणूस शहरात राहूनही गावाला परका होत नाही, आणि गावी गेल्यावर मुंबईकर म्हणून मिरवल्यावाचूनही राहत नाही.

विनोदाच्या दृष्टीने ही स्थिती फार मोलाची आहे. अशा माणसाला गावंढळपणा आतून ठाऊक असतो आणि बाहेरूनही दिसतो. तो स्वतःला हसू शकतो, कारण ज्याला तो हसतो तो कालपर्यंत तोच होता. दादांचे ऐन उमेदीतील विनोदाचे भांडवल हेच होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या या नटाने वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यातील हवालदार रंगविला, आणि दीड हजारांहून अधिक प्रयोगांत हा हवालदार महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) मधून त्यांचा चित्रपटात प्रवेश झाला. 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' (१९७७), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८) ही नामावळी सर्वपरिचित आहे.

भोरचे नाव चित्रपटसृष्टीत आज निराळ्याच कारणाने घेतले जाते. तेथील राजवाडा अनेक मराठी-हिंदी चित्रपटांच्या आणि मालिकांच्या चित्रीकरणाचे आवडते स्थळ आहे. या उपयोगात भोर हे केवळ दृश्य असते. वाडा कोणत्याही कथेतील कोणत्याही संस्थानाचा होऊ शकतो. दादांच्या चित्रपटांत या मुलखाचे स्थान त्याच्या नेमके उलट आहे. तेथे मुलूख पाठीमागे दिसत नाही, तो तोंडातून ऐकू येतो. दृश्य म्हणून आलेले स्थळ कोठेही हलविता येते. बोली म्हणून आलेले स्थळ हलविताना तिच्याबरोबर बरेच काही तुटते. पुढील विवेचनाचे सूत्र येथे आहे.

३. औचित्य आणि त्याचा भंग

हास्याच्या उगमाविषयी पौर्वात्य आणि पाश्चात्त्य विचार एका मुद्द्यावर जवळ येतात. भरताने 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली असून शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य असे म्हटले आहे. अभिनवगुप्ताने हा विचार व्यापक केला. केवळ शृंगारच नव्हे, तर कोणताही भाव अनुचित स्थानी प्रकट झाला, म्हणजे त्याचा आभास झाला, की तो हास्याचा विभाव होऊ शकतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. कांटने १७९० मध्ये ताणलेल्या अपेक्षेचे अकस्मात शून्यात होणारे रूपांतर हे हास्याचे कारण मानले. बर्गसाँने १९०० मधील आपल्या हास्यविषयक ग्रंथात जिवंत माणसाच्या वर्तनात यांत्रिकता शिरली की हसू येते असे सांगितले, आणि हसणे हे नेहमी एखाद्या समूहाचे असते हेही बजावले. मराठीत न. चिं. केळकरांनी 'हास्यविनोदमीमांसा' लिहून या चर्चेला शास्त्रीय बैठक दिली.

या मतांतील सूक्ष्म भेद बाजूला ठेवले, तर एक समान गृहीत दिसते. विनोद हा कशाचा तरी भंग असतो : औचित्याचा, अपेक्षेचा किंवा स्वाभाविकतेचा. आता यातून निघणाऱ्या एका उपसिद्धान्ताकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. भंग होण्यासाठी अभंग असे काहीतरी आधी असावे लागते. जेथे औचित्याची जाणीवच उभी केलेली नाही, तेथे अनौचित्य संभवत नाही. दाराला कडी असेल तरच ती वाजते. विनोदी कलाकृतीला म्हणून दोन कामे करावी लागतात. आधी तिने मर्यादेची रेघ प्रेक्षकाच्या मनात स्पष्ट ओढायची, आणि मग ती ओलांडायची. फसलेल्या विनोदी कृती बहुधा दुसरे काम उत्साहाने करतात आणि पहिले विसरतात.

४. 'सोंगाड्या'तील मर्यादेची रेघ

गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित 'सोंगाड्या'चे कथानक साधे आहे. नाम्या हा भोळा, आईच्या धाकात वाढलेला तरुण. मित्रांच्या नादाने तो तमाशा पाहतो, तमाशातील कलावतीवर भाळतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तो तमाशाच्या फडात सामील होतो. उषा चव्हाण यांची कलावती आणि रत्नमाला यांची 'आये' या दोन ध्रुवांमध्ये नाम्या हेलकावत असतो.

या रचनेत आईचे स्थान केवळ कौटुंबिक नाही. मर्यादेची रेघ म्हणजे ही आये. तमाशाचे नावही घरात घ्यावयाचे नाही, हा तिचा दंडक प्रेक्षकालाही मान्य असतो; गिरणगावातल्या प्रत्येक प्रेक्षकाची अशी एक आये गावाकडे असते. त्यामुळे नाम्याचे प्रत्येक पाऊल एकाच वेळी निरागस आणि अपराधी ठरते. तो जे बोलतो त्याचा वाह्यात अर्थ त्याला स्वतःला कळलेला नसतो, निदान कळलेला दिसत नाही. तो अर्थ प्रेक्षकाला कळतो, आणि कळल्याबद्दल प्रेक्षक स्वतःच किंचित शरमतो. येथे हसणे म्हणजे आपल्याच मनातील चोर पकडला गेल्याची कबुली असते. विनोदाचा विषय स्त्री नाही, आणि नाम्याही पूर्णांशाने नाही. खरा विषय आहे तो सोवळेपणा आणि कुतूहल यांच्यामध्ये सापडलेला प्रेक्षक.

'पांडू हवालदार'मध्ये हीच रेघ वर्दीच्या रूपाने येते. खाकी वर्दी हे अधिकाराचे चिन्ह, आणि तिच्या आत एक साधासुधा, गोंधळलेला माणूस. ही विसंगती इतकी अचूक ठरली, की 'पांडू' हा शब्द शिपायाचे टोपणनाव म्हणून मराठीत रूढ झाला. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेने विनोदाला दिलेली पावती होय.

५. शीर्षकांची साक्ष : व्यंग्याचे वाच्य होणे

दादांच्या विनोदाची प्रकृती त्यांच्या चित्रपटांच्या नावांतही दिसते. काही नावे भाषेत आधीपासून नांदणारी आहेत : 'एकटा जीव सदाशिव' ही रूढ म्हण, 'राम राम गंगाराम' हा नमस्काराच्या चालीवरचा अनुप्रास. 'ह्योच नवरा पाहिजे' (१९८०) यात श्लेष मुळीच नाही. तेथील गंमत 'हाच' ऐवजी आलेल्या 'ह्योच' या रूपात आणि त्यातून ऐकू येणाऱ्या हट्टी सुरात आहे. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' हे एक संपूर्ण आणि निर्दोष वाक्य आहे. लहान मुलाशी खेळणारी कोणतीही आजी ते म्हणू शकेल. 'मुका घ्या मुका' (१९८६) या नावाला फेरीवाल्याच्या आरोळीची लय आहे, आणि 'मुका' या शब्दाचे 'न बोलणारा' व 'चुंबन' हे दोन्ही अर्थ मराठीत सारख्याच सहजतेने वावरतात.

काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही अभिधामूल व्यंजना होय. अनेकार्थी शब्दाची अभिधा प्रकरणादी कारणांनी एका अर्थापुरती नियंत्रित होते, आणि त्यानंतर दुसरा अर्थ व्यंजनेने प्रतीत होतो. या व्यवस्थेत पहिल्या अर्थाचे काम दुय्यम नाही. तो स्वतःच्या बळावर उभा राहिला, तरच दुसरा अर्थ 'व्यंग्य' राहतो. दादांच्या द्व्यर्थी बोलण्याविषयी चित्रपट परीक्षण मंडळाशी जे वाद झाले, त्यांत त्यांची भूमिका सामान्यतः अशीच असे, की वाक्य सरळ आहे, वाकडा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे. ही भूमिका बचावाची होती हे खरे. पण ती त्यांच्या उत्तम विनोदाचे अचूक वर्णनही होते.

आता हिंदी नावांकडे पाहू. 'तेरे मेरे बीच में' (१९८४), 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६), 'आगे की सोच' (१९८८). यांतील दुसऱ्या नावात 'दिया' या शब्दावर श्लेष आहे : दिवा, आणि 'देणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप. व्याकरणाच्या दृष्टीने श्लेष निर्दोष आहे. पण अंधाऱ्या रात्री तुझ्या हाती दिवा, हे वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो? त्याच्यामागे आजी नाही, फेरीवाला नाही, म्हण नाही. पहिला अर्थ केवळ दुसऱ्यासाठी तयार केलेला आहे आणि तसा तो दिसतो. प्रकरणाने अभिधा नियंत्रित होतच नाही. म्हणून दुसरा अर्थ सूचित न होता थेट सांगितला जातो. व्यंग्य येथे वाच्य झाले आहे. मम्मटाने गुणीभूतव्यंग्याच्या प्रकारांत 'अगूढ' हा प्रकार प्रथम सांगितला आहे. व्यंग्यार्थ इतका उघड, की तो लपलेला राहत नाही आणि म्हणून रमणीयही राहत नाही. फसलेल्या द्व्यर्थी विनोदाचे याहून नेमके निदान शोधावे लागणार नाही.

'आगे की सोच' या नावाबाबत आणखी एक गोष्ट घडते. हे हिंदीतील अगदी स्वाभाविक वाक्य आहे. पहिला अर्थ येथे पुरेसा बळकट आहे. तरीही तो टिकत नाही, कारण जाहिरातीवरील दादांचे नाव वाचताच प्रेक्षक दुसऱ्याच अर्थासाठी तयार होऊन बसतो. कलावंताची कीर्ती हेच प्रकरण बनते आणि ते अभिधेला उलट दिशेने नियंत्रित करते. नाम्याचा निरागसपणा हा त्याच्या विनोदाचा प्राण होता. वीस वर्षांच्या ओळखीनंतर हा निरागसपणा कोणी खरा मानत नाही. प्रेक्षकाला गुपित आधीच ठाऊक असेल, तर ते त्याच्या कानात पुन्हा सांगण्यात गंमत उरत नाही.

६. भाषांतराचा दोष नव्हे

यावर एक स्वाभाविक आक्षेप संभवतो. विनोद, विशेषतः शब्दनिष्ठ विनोद, भाषांतरित होत नाही. तेव्हा मराठी विनोद हिंदीत फसला यात नवल ते काय? हा आक्षेप सोपा आहे, पण पुरेसा नाही. कारण दादांना घडविणारी जी कृती, 'विच्छा माझी पुरी करा', तीच हिंदीत उत्तम रुजली. उषा बॅनर्जी यांनी केलेले तिचे रूपांतर 'सैंया भये कोतवाल' या नावाने हिंदी रंगभूमीवर लोकप्रिय झाले.

या यशाचे रहस्य दुहेरी आहे. एक तर मूळ कृतीचा विनोद शब्दांपेक्षा रचनेत आहे. कोतवालाची जागा रिकामी होते. तिच्यावर हक्क सांगणारा हवालदार डावलला जातो आणि प्रधानाचा मेहुणा कोतवाल होतो. हवालदार आणि मैनावती मिळून या नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग आणण्याच्या फंदात पाडतात. वशिला, डावलले गेलेल्याचा सल आणि सत्तेची लालसा ही विसंगती कोणत्याही प्रांतात ओळखीची असते. दुसरे असे, की रूपांतरकर्तीने मराठी नावाचा शब्दार्थ हिंदीत नेला नाही. नवराच कोतवाल झाला तर भीती कोणाची, या आशयाची हिंदीतील रूढ म्हण तिने नावासाठी उचलली. म्हणजे विनोदाची मुळे तोडून तो दुसऱ्या कुंडीत खोचला नाही, तर त्या जमिनीतच नवे बी पेरले.

आणखी एक उदाहरण उलट दिशेचे आहे. हृषिकेश मुखर्जी यांचा 'बीवी और मकान' (१९६६) हा हिंदी चित्रपट फारसा चालला नाही. त्याच कल्पनेवर आधारलेला सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मराठीतील सर्वांत लाडका विनोदी चित्रपट ठरला, आणि त्याचे लेखन पुन्हा वसंत सबनीस यांचेच होते. भाड्याच्या खोलीसाठी दोघा तरुणांनी बायका बनणे ही मध्यवर्ती युक्ती दोन्हीकडे समान आहे. मराठी चित्रपटात मात्र पुण्याचे घरमालक, भाडेकरूंकडे पाहण्याची त्यांची दृष्टी, लीलाबाई काळभोर या नावातच जाणवणारी पुणे जिल्ह्याची माती, असे मर्यादेचे पूर्ण जग उभे केले आहे. औषधासाठी दिलेले सत्तर रुपयेही माणसापाठोपाठ 'वारले', हा त्यातील विनोद सुप्रसिद्धच आहे. मृत्यूविषयी आदराने वापरावयाचे क्रियापद पैशाला लावणे ही शब्दक्रीडा आहेच. पण ती करणारा माणूस कोण, कोणासमोर आणि कोणत्या अडचणीत आहे, हे आधी ठसलेले असल्यामुळे ते वाक्य तीन-साडेतीन दशकांनंतरही जुने होत नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की भाषा बदलल्यामुळे विनोद मरत नाही. भाषेबरोबर मर्यादेची रेघ पुन्हा ओढली नाही, तर तो मरतो. दादांच्या हिंदी चित्रपटांतील नायक बिहारचा नाही, अवधचा नाही, भोरचाही नाही. त्याच्या हिंदीला गाव नाही. ज्याला गाव नाही, त्याला गावंढळ कसे म्हणणार?

७. हरवलेला समूह

विनोदाच्या अपयशाचा विचार केवळ संहितेपुरता करणे अपुरे ठरेल. 'विच्छा'च्या प्रयोगांत दादा ताज्या घडामोडींवर उत्स्फूर्त भाष्य करीत, प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून वाक्य लांबवीत किंवा आवरीत. तमाशातील सोंगाड्याची ही परंपरागत कला आहे. बतावणीत प्रेक्षक हा साक्षीदार नसतो, भागीदार असतो. चित्रपटात ही भागीदारी नाही. विनोदासाठी ठेवलेला थांबा एकदा फितीवर उमटला की कायम होतो. १९७० च्या दशकातील चित्रपटांत ही उणीव जाणवली नाही, कारण दादा आपला प्रेक्षक पाठ असल्यासारखे जाणत होते. तो गिरणगावातील, गावाशी नाळ न तुटलेला प्रेक्षक होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावाची घडी पूर्वीसारखी कधीच बसली नाही. पुष्कळ कुटुंबे गावी परतली, काही शहराच्या कडेला गेली. त्याच वर्षी रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओचा प्रसार झाला. एकत्र बसून हसण्याच्या जागाच आक्रसू लागल्या. या घटना आणि दादांचे हिंदी वळण यांत सरळ कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. परंतु बर्गसाँ म्हणतो त्याप्रमाणे हास्य समूहाचे असेल, तर समूह विखुरल्यावर त्या समूहासाठी घडलेला विनोद पोरका होणार, हे उघड आहे. हिंदी चित्रपटाचा अखिल भारतीय प्रेक्षक संख्येने प्रचंड असतो, पण त्याची एक सामाईक आये नसते.

येथे स्त्रीविषयक मुद्द्याचाही उल्लेख केला पाहिजे. फ्रॉइडने १९०५ मधील विनोदविषयक ग्रंथात अश्लील विनोदाची त्रिपुटी सांगितली आहे : बोलणारा पुरुष, जिच्याविषयी बोलले जाते ती स्त्री, आणि ऐकून हसणारा तिसरा. नाम्याच्या विनोदात ही त्रिपुटी मोडते, कारण बोलणारा स्वतःच बावळट ठरतो आणि आये व कलावती या दोन्ही स्त्रिया त्याच्यापेक्षा शहाण्या असतात. भोळेपणाचे आवरण गळाले, की त्रिपुटी पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. मग स्त्री केवळ निमित्त होते, आणि सभागृहातील अर्ध्या प्रेक्षकांना त्या हसण्यात सामील होण्याची वाटच उरत नाही. हा नैतिक दोष आहेच. पण तो विनोदाचा तांत्रिक दोषही आहे. ज्या विनोदातून अर्धा समूह वगळला जातो, त्याचे हसू निम्मेच असते.

८. 'ग्राम्य' या शब्दाविषयी

आपल्या काव्यशास्त्रात 'ग्राम्य' आणि 'अश्लील' हे दोन स्वतंत्र दोष सांगितले आहेत. अश्लीलतेचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकारही केले आहेत. मराठी समीक्षेने व्यवहारात हा भेद पुसून टाकला. जे ग्राम्य ते अश्लील आणि जे अश्लील ते ग्राम्य, असे समीकरण रूढ झाले. भरतानेही हास्याचे सहा भेद करताना स्मित-हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांना आणि अपहसित-अतिहसित अधम प्रकृतीच्या माणसांना वाटून दिले आहेत. मोठ्याने हसणाऱ्याचा दर्जा त्याच्या हसण्यावरून ठरविण्याची ही सवय जुनी आहे.

या सवयीची किंमत वर्गात मोजावी लागते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घरी 'ह्यो', 'त्यो', 'व्हय', 'न्हाय' ही रूपे बोलतो. ज्या शब्दाचा मूळ अर्थच 'गावचा' असा आहे, तो शब्द दोषाचे नाव म्हणून त्याच्यापुढे येतो, आणि दादा कोंडके यांचे सर्व चित्रपट त्या एकाच नावाखाली निकालात निघतात. त्यामुळे दोन्हीकडून हानी होते. 'सोंगाड्या'तील रचनाकौशल्य त्याला कोणी दाखवून देत नाही, आणि नंतरच्या चित्रपटांतील निर्जीवपणाची चिकित्सा करण्याचे साधनही त्याच्या हाती येत नाही. सर्वच त्याज्य म्हणणारा अध्यापक आणि सर्वच थोर म्हणणारा चाहता, हे दोघेही कलावंताला गंभीरपणे घेत नाहीत. एखाद्या कृतीला 'ही फसली' असे म्हणण्याचा अधिकार, दुसरी का साधली हे सांगू शकणाऱ्यालाच असतो.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. विनोद हा भंग आहे, आणि भंगासाठी आधी मर्यादा उभी करावी लागते. दादा कोंडके यांच्या यशस्वी कृतींत ही मर्यादा आये, वर्दी, गाव आणि बोली यांच्या रूपाने सतत उपस्थित होती. हिंदी चित्रपटांत भंगाची साधने शिल्लक राहिली आणि मर्यादा मागे राहिली. परिणामी व्यंग्यार्थ वाच्य झाला, निरागसता मुखवटा झाली, आणि ज्याच्याबरोबर हसावयाचे तो समूह समोर उरला नाही. हे अपयश ग्राम्यतेचे नव्हे. उलट, ग्रामाचा आधार सुटल्याचे ते अपयश आहे.

दादांचे निधन १४ मार्च १९९८ रोजी झाले. त्यानंतरही मराठीत विनोदी चित्रपट विपुल निघाले, आणि त्यांतील अनेक फसले. त्यांची चिकित्सा करताना अभ्यासकांनी 'हा विनोद किती उथळ आहे' या प्रश्नाआधी 'या विनोदाने कोणती रेघ ओढली आहे, आणि ती कोणाला दिसते' हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर देता आले नाही, तर त्या पडद्यावरील थांब्यात ऐकू येणाऱ्या शांततेचे कारण बहुधा तेथेच सापडेल.